नाताळची वही: आठ हजार रुपये, एकोणतीस पानं

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

चर्चमधली भक्ती आटोपून घरी आलो आणि जेवायच्या आधीच वही काढली. नाताळाला सेहेचाळीस दिवस आहेत. मागच्या वर्षीच्या पानावर शेवटची बेरीज १४,६०० आहे. त्यातले चार हजार दिरांकडून हातउसने घेतले होते, ते फिटायला मार्च उजाडला. यंदा यांचा ओव्हरटाइम दिवाळीपासून बंद आहे आणि जानेवारीत थोरलीची फी भरायची आहे. दोघांनी बसून आकडा ठरवला: ८,००० रुपये. उसनं काही नाही.

मागचं पान पुन्हा वाचलं. कपड्यांना ३,४००, भेटवस्तूंना २,७००, प्लास्टिकचं झाड आणि माळा १,९००. जेवणाला मात्र ३,१००. आपण जो सण ‘सगळे एकत्र येतात’ म्हणून करतो, त्या एकत्र बसण्यावर पाव हिस्साही खर्च झाला नव्हता. ते वाचून मला फार लागलं. म्हणून यंदा उलटीकडून सुरुवात केली. आधी जेवणाऱ्यांची पानं मोजली, मग पैसे.

घरचे सहा. नणंदेकडचे चार. माहेरून आई, भाऊ, वहिनी. आत्येसासूबाई. चर्चच्या मंडळीतले चौघं, ज्यांचं नाशिकमध्ये दुसरं कोणी नाही. गल्लीतले आठ. एकूण २६. यातलं एकही पान कमी करायचं नाही, हे मी वहीत लाल पेनानं लिहिलं.

वाटणी: दान ५००, फराळ २,३००, पंचवीस तारखेचं जेवण ३,२००, कपडे १,०००, सजावट ४००, भेटी ३००, ऐनवेळचं ३००. दानाचे पाचशे आजच पाकिटात घालून बायबलमध्ये ठेवले, म्हणजे महिनाअखेरीला त्यांच्याकडे हात जाणार नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

माळा उतरवला. झाड आहे, माळांपैकी एक पेटते. ताऱ्याचा सांगाडा मोडलाय. केकचे दोन डबे आहेत, एकाला गंज, तो चिंचेनं घासला.

ओट्यावर दिवाळीचे चौदा डबे रचलेले आहेत. गल्लीतल्या चौदा घरांनी लाडू-चिवडा पाठवला होता. रिकामा डबा परत करायचा नाही, म्हणून ते नाताळापर्यंत आमच्याकडेच राहतात. ही रीत सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासूनची. फराळाचं माप या डब्यांवरूनच ठरतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

केकचा मेवा भिजवला. काळ्या मनुका पाव किलो ८०, टुटीफ्रुटी ५०, काजूतुकडा ६०. एकूण १९०.

संत्र्याच्या सालीची पाकवलेली कातळी दुकानात महाग मिळते, ती घरीच केली. दोन आठवडे घरात आलेल्या नागपुरी संत्र्यांची सालं मी साठवली होती. आतला पांढरा भाग सुरीनं खरवडला, सालं बारीक चिरली आणि तीन वेळा पाणी बदलून उकळली. कडवटपणा पहिल्या दोन पाण्यांत जातो, तिसरं पाणी चाखून बघायचं. मग सालाच्या वजनाइतकी साखर आणि बुडेल एवढंच पाणी घालून मंद आचेवर, पाक आटून सालं काचेसारखी दिसेपर्यंत. घरभर असा वास सुटला की धाकटा अभ्यास सोडून ओट्यापाशी उभा राहिला.

मेवा संत्र्याच्या रसात भिजवलाय. रम लागतेच असं नाही. रसातला मेवा टिकत नाही एवढंच, म्हणून बरणी फ्रीजमध्ये आणि चार-चार दिवसांनी रस बदलायचा.

३० नोव्हेंबर, रविवार

आगमन काळाचा पहिला रविवार. आज तारा.

बुरूडाकडून दोन-दोन फुटांच्या दहा कामट्या ६० रुपयांत आणल्या. पतंगाचा कागद दहा ताव ५०. पाच वॅटचा एलईडी बल्ब ७०. वायर जुनीच. पाच कामट्यांचा एक तारा, असे दोन सारखे तारे बांधायचे. ते एकमेकांवर ठेवून पाचही टोकं दोऱ्यानं आवळायची, आणि आत जिथे कामट्या एकमेकींना छेदतात त्या पाच जागी वीत-वीतभर काटक्या आडव्या रोवायच्या. मग मधून पोट फुगतं आणि तारा उभा राहतो. यांनी लहानपणी वडिलांकडून शिकलेलं, हाताला अजून आठवतंय.

कागद मात्र फसला. मैद्याची खळ मी पातळ केली आणि भरपूर लावली. ओला कागद लोंबला आणि वाळताना दोन पाकळ्या टर्रकन फाटल्या. दुसऱ्यांदा घट्ट खळ फक्त कामटीला लावली, कागद कोरडाच ताणून बसवला. ते जमलं. जुना पिवळा बल्ब तापायचा, कागदाजवळ त्याची भीती वाटायची. आता ती नाही.

संध्याकाळी तारा दारात टांगला. समोरच्या काकू म्हणाल्या, “लागला बाई तुमचा तारा, आता थंडी खरी.”

४ डिसेंबर, गुरुवार

काकूंकडे मार्गशीर्षातल्या गुरुवारचं हळदीकुंकू होतं, हाक मारली म्हणून गेले. तिथे बसल्या बसल्या लक्षात आलं की पंचवीस तारीखसुद्धा गुरुवारीच येते. मार्गशीर्ष तोवर संपलेला असेल, पण गल्लीतली आठही माणसं गुरुवारी मांस-मच्छी खात नाहीत. आणि मी काय लिहून बसलेय, तर चार किलो मटण, आठशे रुपयांनी ३,२००. जेवणाचे सगळे पैसे एका पातेल्यात, आणि आठ पाहुणे ते खाणारच नाहीत!

घरी येऊन ते पान खोडलं. गल्लीतले आठ, माहेरची आई (तिला डॉक्टरांनी मटण-चिकन बंद केलंय) आणि नणंदेची दोन लहानगी, असे अकरा जण शाकाहारी. त्यांना कोपऱ्यात वेगळी वाटी आणि बाकीच्यांना मुख्य जेवण, असं मला चालणार नाही. म्हणून मुख्य जेवणच शाकाहारी: भरीत, बाजरीची भाकरी, मेथी-मटार, भात, शेवयांची खीर. चिकनचा रस्सा बाजूला, हवा त्याला.

सासूबाईंना आधी पटलं नाही. “नाताळाला भाकरी?” मग आमच्या पाळकसाहेबांनी एकदा सांगितलेलं मी त्यांना आठवून दिलं, की इब्री भाषेत बेथलेहेम म्हणजे भाकरीचं घर. त्या जरा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, “मग पीठ माझ्या पसंतीचं आण.”

७ डिसेंबर, रविवार

दिंडोरीला मामांकडे जाऊन आलो. द्राक्षबागेतल्या ऑक्टोबर छाटणीच्या काड्या त्यांनी बांधावर रचून ठेवल्या होत्या, पिशवीभर आणल्या. बागेत घड हिरवेच आहेत, मण्यात पाणी उतरायला वेळ आहे. मामांना परवाच्या थंडीची धास्ती वाटतेय, रोज पहाटे उठून बघतात. त्यांना नाताळाला या म्हटलं तर म्हणाले, बाग सोडून कसा येऊ.

काड्यांची गव्हाणी, म्हणजे येशूजन्माचा देखावा, केला. छपराला उसाचं पाचट. माणसं शाडूची, मुलांनी केली, रंगाला ६० रुपये. सजावटीचं खातं २४० वर बंद.

बाजारातली चिनीमातीची मूर्तींची पेटी आणू या म्हणून थोरलीनं सकाळी हट्ट धरला होता. तिला मी संत फ्रान्सिसची गोष्ट सांगितली: इटलीत ग्रेचिओ गावी १२२३ साली त्यांनी नाताळाची गव्हाणी मांडली, तेव्हा मांडलं काय, तर चारा, एक बैल आणि एक गाढव. गरिबीत जन्मलेलं बाळ लोकांना डोळ्यांनी दिसावं एवढाच हेतू. तिनं ऐकून घेतलं आणि बैल मोठा केला. गाढवाचे कान धाकट्यानं केले, ते सशासारखे झालेत. तसेच ठेवले.

१३ डिसेंबर, शनिवार

रविवार कारंजा चौकातून किराणा. २,०१२ रुपये. खोबरं यंदा डोळे पांढरे करणारं आहे: पाऊण किलोला २४०. सारणात निम्मा खमंग भाजलेला रवा घालायचा ठरवलं. खसखस घेतलीच नाही.

१४ डिसेंबर, रविवार

करंज्यांचा दिवस. नणंद, मंडळीतल्या दोघी, समोरच्या काकू आणि मी. दुपारी दोनला बसलो, उठायला साडेसात. १६० करंज्या, दोन परातभर शंकरपाळे, चकल्या.

साटा लावून केल्या. तीन पोळ्या लाटून एकीवर एक, मध्ये तूप आणि तांदळाच्या पिठाचा साटा, घट्ट वळकटी, तुकडे, आणि तुकडा उभा दाबून लाटायचा, म्हणजे पापुद्रे सुटतात. एक जण लाटते, दोघी भरतात, एक कातण्यानं कापते, एक तळते. भरलेल्या करंज्यांवर ओलं फडकं. एकटीनं केलं असतं तर तीन रात्री गेल्या असत्या आणि गॅस किती जळला असता कोण जाणे.

चकलीचा पहिला घाणा तेलात विरघळला. मी घाबरले, तेवढी भाजणी फुकट जाणार असं वाटलं. काकूंनी पीठ बोटांत घेऊन बघितलं आणि म्हणाल्या, “मोहन जास्त झालंय गं. मूठभर कोरडी भाजणी घाल.” घातली, नीट मळली, पुढच्या सगळ्या काटेरी निघाल्या. विरघळलेलं गाळून घेतलं, ते उद्या भाजीवर भुरभुरवायला.

जाताना सगळ्या नेहमीसारखं विचारायला लागल्या, “पंचवीसला काय आणू?” दरवर्षी माझं ठरलेलं उत्तर: “काही नको, तुम्ही या फक्त.” या वेळी मी म्हटलं, “बारा भाकरी आणा. गरम.” म्हणायला जड गेलं. पाहुण्याला काम सांगायचं नसतं हे माझ्या आईनं मला शिकवलेलं. पण काकूंचा चेहरा खुलला. म्हणाल्या, “बरं झालं सांगितलंस, दरवर्षी हात हलवत यायचं मला अवघड वाटतं.”

इतकी वर्षं मी हे कधी विचारलं नव्हतं.

१७ डिसेंबर, बुधवार

नानकटाई आणि केक भट्टीवर नेले. बेकरीवाल्या दादांनी १६० घेतले. केकची पाळी पाव निघाल्यानंतर. तेव्हा भट्टीची धग उतरलेली असते, केकला तीच हवी. भर आचेत वरून करपतो आणि आत कच्चा राहतो. रंगासाठी साखर कढईत जाळून त्यात गरम पाणी घातलं, बाहेरचा रंग नाही. दोन केक, दोन्ही छान फुगले. थंड झाल्यावर बटरपेपरात गुंडाळून ठेवलेत, आठवड्यानं चव आणखी मुरेल.

फराळ एकूण २,३६२. बासष्ट जास्त.

१९ डिसेंबर, शुक्रवार

कपडे. थोरलीला माझ्या साखरपुड्याच्या साडीचा फ्रॉक, शिलाई ३८०. धाकट्याला मेन रोडवरून शर्ट-पँट ५५०. आम्हा मोठ्यांना काही नाही, सगळ्यांकडे धडके कपडे आहेत.

२१ डिसेंबर, रविवार

रात्री कॅरल पार्टी आली. बावीस जण, दहा वाजून गेलेले, तोंडातून वाफा. पेटी, ढोलकी, झांजा. गवती चहा कुंडीतला, दूध दोन लिटर १२०, शेंगदाणे आणि गूळ ६०. दरवर्षी सामोसे मागवायचे, यंदा गूळ-शेंगदाणे. थंडीत पोरांनी परात रिकामी केली.

गाणी झाल्यावर सासूबाईंनी पोरांना बसवून शरणपूरची हकिकत सांगितली. त्या नेहमी सांगतात, मी आज नीट ऐकली. आपण ज्याला नुसतं शरणपूर रोड म्हणतो, तिथे एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीनं वस्ती वसवली, ती आसऱ्याला आलेल्यांची. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकेतली मुलंसुद्धा इथे आणली होती. त्यांना शिक्षण दिलं, हातात कसब दिलं. त्यांच्यातलाच एक जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत डेव्हिड लिव्हिंग्स्टन या शोधप्रवाशाच्या तुकडीत गेला. लिव्हिंग्स्टन वारल्यावर त्याच्या देहासोबत तो इंग्लंडपर्यंत पोचला आणि १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याच्या अंत्ययात्रेत खांदा देणाऱ्यांत होता. आपल्या नाशिकला शिकलेला मुलगा. ढोलकीवाल्या पोराला हे खरंच वाटेना.

कॅरल पार्टीत नर्सिंग करणाऱ्या तीन मुली होत्या, नवापूरकडच्या. नाताळाला तिघींची सकाळची ड्युटी आहे, घरी जाता येत नाही. एकीचे डोळे गाणं म्हणतानाच भरले होते. दुपारी दोनला सुटतात. “सुटलात की थेट इकडे या,” असं सासूबाईंनी मला न विचारताच सांगून टाकलं. मी आत येऊन वहीत २६ चे २९ केले.

२४ डिसेंबर, बुधवार

बुधवारचाच बाजार मिळाला हे नशीब. गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी, सकाळी आठला गेले. भरिताची वांगी चार किलो १६०, कांदे पाच किलो १००, मटार, मेथी, कोथिंबीर, टोमॅटो, लिंबं मिळून ३३०. चिकन साडेतीन किलो ८४०, ते उद्या सकाळी आणायचं, सांगून ठेवलंय. दूध पाच लिटर ३००, शेवया ११०, तांदूळ १८०, बाजरी १२०, खोबरं-मसाला २५०. एकूण २,३९०. बाजरी सासूबाईंनी निवडून दळून आणली आणि पीठ आजच पाच घरी पोचवलं. शिळं झालं की भाकरी थापताना चिरते.

संध्याकाळी मुलं डबे वाटून आली. तेरा पोचले. एका घराला कुलूप.

घरातल्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या काढून ठरलेल्या भेटी रात्रीच दिल्या, माणशी पन्नासची मर्यादा. धाकट्याला आजीची चिठ्ठी आली होती. त्यानं बारा रुपयांची सुयांची पुडी आणली आणि वीस सुयांत वेगवेगळ्या रंगांचे दोरे ओवून एका पुठ्ठ्यावर खोचून दिल्या. आजीला सुई ओवता येत नाही हे त्यानं कधी पाहिलं असेल? सासूबाईंनी तो पुठ्ठा उशाला ठेवलाय. उरलेल्या अडतीस रुपयांची त्यानं आजीला आवडते ती पेपरमिंट आणली.

रात्री साडेदहाची भक्ती. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं झाली. परत येताना रस्त्यात कोणी नव्हतं, फक्त दारादारांत तारे.

२५ डिसेंबर, गुरुवार

वांगी सकाळी गच्चीवर, मामांकडच्या उरलेल्या काड्यांच्या जाळावर भाजली. गॅसवरच्या भरिताला ही चव येत नाही. नव्या कपड्यांना धूर लागला म्हणून थोरली रुसली होती, अर्ध्या तासात विसरली.

गच्चीवर सतरंज्या, महिला मंडळाची ताटं. पहिली पंगत साडेबाराला. भाकऱ्या पाच घरांतून फडक्यात गुंडाळून आल्या, वाफ धरलेल्या. काकूंनी बाराच्या सोळा आणल्या आणि वर लोण्याचा गोळा. कोणाची भाकरी कुठली यावरून माहेरची आई आणि काकू अर्धा तास बोलत होत्या. एरवी त्या एकमेकींना नमस्कार करून दोन टोकांना बसतात.

चिकन अठरा जणांना पुरलं, थोडं उरलं. भरीत मात्र सगळ्यांनी मागून घेतलं, चिकन खाणाऱ्यांनीही. माझा अंदाज तिथे चुकला. दुसऱ्या पंगतीला भरीत पळीभर-पळीभरच वाढावं लागलं. पुढच्या वेळी चार नाही, सहा किलो.

नवापूरच्या मुली अडीचला पोचल्या, गणवेशावरच. आम्ही सहा जण त्यांच्यासाठी थांबलो होतो. त्यांची पानं वाढताना सासूबाई स्वतः उठल्या. जेवण झाल्यावर मुलींनी त्यांच्या बोलीतलं एक नाताळाचं गाणं म्हटलं. शब्द आम्हाला कळले नाहीत, पण चाल धाकट्यानं लगेच उचलली.

केक चारला कापला. पातळ काप, २९ जणांना पुरून आठ उरले, ते मुलींच्या डब्यात वसतिगृहासाठी.

२८ डिसेंबर, रविवार

हिशेब: दान ५००, फराळ २,३६२, जेवण २,३९०, कपडे ९३०, सजावट २४०, भेटी ३००, कॅरल पार्टीचा चहा १८०. एकूण ६,९०२. उरले १,०९८. थोरलीच्या फीच्या डब्यात टाकले.

ताटं धुऊन मंडळाकडे पोचवली, एक वाटी कमी भरली, ती नणंदेच्या पिशवीत निघाली. तारा सहा जानेवारीपर्यंत राहू द्यायचा.

चौदावा डबा अजून ओट्यावर आहे. त्या घरचे गावाला गेलेत, शुक्रवारी येणार आहेत. करंज्या तोवर मऊ पडतील, म्हणून त्या काढून घेतल्या आणि नानकटाई भरली. संत्र्याची चार कातळी वर ठेवलीत, त्यांच्या धाकटीला आवडतात.